बारावी सीबीएसई इतिहास: प्रीबोर्ड तोंडावर आणि तिसरं पुस्तक अजून उघडलेलंच नाही

मृणाल_ऐरोली | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे, सीबीएसई, ह्युमॅनिटीज. दहावीला मार्क उत्तम असतानाही तिने स्वतःच्या आवडीने ही शाखा घेतली आणि इतिहास तिचा सगळ्यात लाडका विषय. त्यामुळे आवडीचा प्रश्न नाही. प्रश्न वेगाचा आहे.

शाळेत एप्रिलपासून पार सप्टेंबरपर्यंत पहिलंच पुस्तक चाललं. हडप्पा, महाजनपदं, महाभारतातली नातीगोती, सांची, सगळं अगदी रंगवून शिकवलं. आता दिवाळीची सुट्टी संपली तरी दुसरं पुस्तक अर्ध्यावरच आहे. सर म्हणतात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिसरं पुस्तकही संपवणार, कारण लगेच प्रीबोर्ड, म्हणजे बोर्डाआधीची शाळेची सराव परीक्षा. म्हणजे वसाहतकाळातली खेडी, १८५७, गांधीजी आणि संविधान सभा हे चारही धडे महिन्याभरात उरकणार.

ती मेहनतीत कमी पडत नाही. प्रत्येक धडा दोन-तीनदा वाचते, तीन रंगांचे हायलायटर वापरते, मग वहीत सुवाच्य नोट्स काढते. पण एका धड्याच्या नोट्स पूर्ण होईपर्यंत वर्ग पुढच्या धड्याच्या शेवटाला पोचलेला असतो. शाळा नेरूळला, जाऊन-येऊन ट्रेनमध्ये बराच वेळ जातो. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी आहेतच. परवा रात्री वही मिटून म्हणाली, "आई, मला सगळं कळतंय, पण मी कुठेच पोचत नाहीये."

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शाळा ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने जावं की घरी आपला वेगळा क्रम लावावा? आणि या टप्प्यावर नोट्स काढत राहाव्यात का? जाणकारांनी कृपया सांगा.

सह्यकडा | ११ नोव्हेंबर, रात्री ११:१५

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी पनवेलहून याच परीक्षेला बसला होता, म्हणून अनुभवाचं सांगतो. एवढ्या उशिरा पाठ्यपुस्तक पुन्हा पुन्हा वाचत बसणं परवडत नाही. एक चांगलं गाईड घ्या आणि मागच्या वर्षांचे पेपर व मंडळाचे नमुना पेपर सोडवा. नमुना पेपर आणि त्यांची गुणदान योजना मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. गुणदान योजना जरूर वाचा, कोणत्या मुद्द्याला मार्क मिळतो ते तिथे स्पष्ट दिलेलं असतं. इतिहास अफाट आहे, पेपर तीन तासांचा आहे.

अपूर्णविराम | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

काकू, मी याच वर्षी ही परीक्षा देऊन आलोय, आता ठाण्यात बीए करतोय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेपरच्या मांडणीतच आहे.

थिअरी ८० गुणांची आणि प्रोजेक्ट २० चा. ८० पैकी नकाशाचे ५ बाजूला काढले की उरतात ७५, आणि ते तिन्ही पुस्तकांना २५-२५-२५ असे सारखे वाटलेले असतात. पहिल्या पुस्तकावर शाळेने सहा महिने घालवले काय आणि तिसऱ्यावर एक महिना घालवला काय, गुण तेवढेच. आठ गुणांचे तीन प्रश्न येतात, प्रत्येक पुस्तकातून एक. उताऱ्यावरचे चार गुणांचे तीन प्रश्न, तेही तसेच.

म्हणून माझं मत: शाळेच्या मागे धावू नये. वर्गात दुसरं पुस्तक चालू दे, घरी आजपासून तिसरं उघडायचं. आम्ही तिघा मित्रांनी दिवाळीतच तिसरं पुस्तक सुरू केलं होतं. वर्गात सर तिथे पोचले तेव्हा आमची उजळणी होत होती, त्यामुळे त्यांचा वेग आम्हाला बाधला नाही. उलट शंका विचारता आल्या.

सह्यकडा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

@अपूर्णविराम, गुणांचं गणित पटलं. पण एकाच वेळी वर्गात मुघलकाळातले शेतकरी आणि घरी बंगालचे जमीनदार, यात पोरांचा गोंधळ उडत नाही का? जमीनदार हा शब्द दोन्हीकडे, अर्थ दोन्हीकडे वेगळा. माझ्या मुलाचा नेमका तिथेच घोळ व्हायचा.

पाटीपेन्सिल | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

मृणालताई, मी ठाण्यात अकरावी-बारावीला इतिहास शिकवत असे, आता निवृत्त आहे. तुमच्या लेकीचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सह्यकडा यांच्या शंकेबद्दल. गोंधळ उडतो तो दोन धडे एकत्र वाचल्याने नव्हे. ती माहिती कुठून आली हे मुलांच्या डोक्यात स्पष्ट नसतं, म्हणून उडतो. ही तीन पुस्तकं ज्यांनी रचली त्यांनी प्रत्येक धडा एकेका प्रकारच्या पुराव्याभोवती बांधलाय. हडप्पाचा धडा उत्खननावर उभा आहे. राजे आणि नगरांचा धडा शिलालेख व नाण्यांवर. नातेसंबंध आणि जातींचा धडा महाभारतावर. पुढे प्रवाशांची वर्णनं, भक्ती-सूफींच्या रचना, विजयनगरचे अवशेष. मुघलकाळातला शेतकरी आपल्याला दिसतो तो अबुल फझलच्या आइन-इ-अकबरीतून, म्हणजे बादशहाच्या दरबारातून. बंगालचा जमीनदार दिसतो तो ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या कागदपत्रांतून, १८१३ साली ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेल्या पाचव्या अहवालातून. धडा उघडताना मुलीने पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: हे आपल्याला कशावरून कळतं? आणि लगेच दुसरा: ज्याने हे लिहिलं त्याला काय दाखवायचं होतं? हे दोन प्रश्न पक्के असले की दोन जमीनदार एकमेकांत मिसळत नाहीत.

आता नोट्सबद्दल. सुवाच्य नोट्स आजपासून बंद करायला सांगा. तिला वाईट वाटेल, कारण त्या वहीवर तिचा जीव असेल. पण ती वही म्हणजे पुस्तकाचीच दुसरी प्रत आहे आणि ती उतरवताना डोकं विश्रांती घेतं. त्याऐवजी एका धड्याला एकच पान. पानाच्या माथ्यावर पुरावा कोणता ते. खाली धड्यातली चार-पाच विधानं, पूर्ण वाक्यात. प्रत्येक विधानाखाली दोन ठोस आधार: नाव, साल, ठिकाण. बस. पान भरलं की पुस्तक मिटायचं आणि त्या धड्यावरचा एक आठ गुणांचा प्रश्न हाताने, घड्याळ लावून, लिहून काढायचा. उत्तर ३०० ते ३५० शब्दांचं हवं.

आठवड्याला अशी तीन उत्तरं झाली तरी पुरे. धडा वाचून झाला म्हणजे "झाला" असं मुलं समजतात. माझ्या वर्गात मी त्यावर एक उत्तर लिहून झाल्याशिवाय धडा झाला असं म्हणूच देत नसे.

गाईडबद्दल माझं मत कडक आहे. उताऱ्यांवरचे बारा गुण आणि बरेचसे वस्तुनिष्ठ प्रश्न पुस्तकातल्या चौकटींमधून, चित्रांखालच्या मजकुरातून येतात. गाईडवाले पहिली कात्री तिथेच लावतात.

क्रमाबाबत मी अपूर्णविरामशी सहमत आहे. तिसरं पुस्तक घरी आजच उघडा, आणि त्यातही पहिलाच धडा घ्या, वसाहतकाळातल्या खेड्यांचा. तो सगळ्यात गुंतागुंतीचा आहे आणि घाईच्या दिवसांत त्याचीच सगळ्यात जास्त आबाळ होते.

मृणाल_ऐरोली | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पाटीपेन्सिल मॅडम, मनापासून आभार. लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. नोट्स बंद म्हटल्यावर चेहरा पडला, पण एका पानाची कल्पना तिला आवडली. दोन संध्याकाळी बसून तिने तो धडा केला आणि दख्खनच्या दंग्यांवर उत्तर लिहिलं. तिने इंग्रजीत लिहिलंय, सुरुवात मराठीत देते:

"१८७५ साली दख्खनमध्ये दंगे झाले. सावकार शेतकऱ्यांची पिळवणूक करत होते. ते जास्त व्याज लावत आणि खोटे हिशेब ठेवत. त्यामुळे शेतकरी चिडले. त्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. ब्रिटिशांनी दंगे दडपले आणि चौकशी आयोग नेमला."

पुढे अशाच आठ-दहा ओळी. वाचताना मला तर बरोबर वाटलं. आपण बघाल का?

पाटीपेन्सिल | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बघितलं. यात चुकीचं एकही वाक्य नाही, तरी आठपैकी तीन-चारच्या वर गुण मिळणार नाहीत. कारण हे उत्तर "सावकार वाईट होता" एवढ्यावर थांबतं. सावकार तर आधीही होताच. मग १८७५ मध्येच काय झालं? तिला हा प्रश्न विचारा आणि उलट पावली चालायला लावा.

सुप्यापासून सुरू करा. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे मोठं बाजाराचं गाव. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतली रयत तिथे जमली आणि तिने सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. मागितलं काय? पैसे नाहीत. खातेवह्या आणि कर्जरोखे मागितले, आणि ते जाळले. कागदावर एवढा राग का?

कारण १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल असं सरकारने ठरवलं. व्याज साचत जाऊ नये हा हेतू. सावकाराने त्यातून वाट काढली: दर तीन वर्षांनी रयतेकडून नवा रोखा सही करून घ्यायचा आणि थकलेलं मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल लिहायचं. रयतेच्या भल्यासाठी केलेला कायदा रयतेच्याच गळ्याशी आला. तो कागद तिच्यासाठी कर्जाचा पुरावा राहिला नव्हता, फसवणुकीचा झाला होता.

पण कर्ज एवढं वाढलं कशाने? इथे अमेरिका येते. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनमध्ये अमेरिकेतून येणारा कापूस वीस लाख गाठींहून वर्षभरात पंचावन्न हजार गाठींवर आला. लँकेशायरच्या गिरण्यांना भारताचा कापूस हवा झाला. मुंबईचे व्यापारी शहरी सावकारांना, ते गावातल्या सावकारांना, असा पैसा खाली वाहू लागला. कापूस लावलेल्या एकरामागे शंभर रुपये उचल मिळे. युद्ध १८६५ मध्ये संपलं, अमेरिकेचा कापूस परतला, मागणी आटली, आणि सावकाराने हात आखडता घेतला. नेमक्या त्याच काळात रयतवारीच्या, म्हणजे थेट रयतेकडून शेतसारा घेण्याच्या पद्धतीच्या, नव्या आकारणीत हा सारा बेसुमार वाढला, काही ठिकाणी ५० ते १०० टक्के. पैसा हवा तेव्हा मिळेना, सरकार मात्र थांबेना.

आता तिचं पहिलं वाक्य असं होऊ दे: "१८७५ चे दंगे सावकाराविरुद्ध झाले, पण त्यांची मुळं साऱ्याची वाढती मागणी, कापसाच्या तेजीतलं सुलभ कर्ज आणि ते अचानक आटणं यांत आहेत." हे विधान झालं. मग खाली एकेक कडी, प्रत्येकीला साल आणि आधार.

आणि शेवट आयोगावर. दख्खन दंगे आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. सरकारी साऱ्यामुळे रयत चिडली का, याची चौकशी त्याने करायची होती, आणि निष्कर्ष काढला की सारा हे कारण नव्हे, दोष सावकाराचा. तुमच्या लेकीचं उत्तर नकळत आयोगाचीच बाजू मांडतंय! सरकारी कागद वाचताना जपून का वाचायचं हे शिकवण्यासाठीच तो धडा आहे. हे तिला सांगा, तिच्या डोळ्यांत चमक येईल.

अपूर्णविराम | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

पाटीपेन्सिल मॅडम, हे मला गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर! मी तो धडा सालं पाठ करून काढला होता.

ट्रान्सहार्बर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००

मीही ऐरोलीचीच, माझी भाची याच वर्षी बारावीला आहे. प्रवासाच्या वेळेबद्दल सांगते. ठाणे-नेरूळ गाडीत उभ्याने पुस्तक वाचणं होत नाही, पण नकाशा होतो. भाचीने मंडळाच्या यादीतली सगळी ठिकाणं कोऱ्या नकाशांवर भरून त्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवलेत. जाताना एक नकाशा डोळ्यांपुढे आणते, येताना तपासते. नकाशाचे ५ गुण म्हणजे हातात ठेवलेले गुण: तीन ठिकाणं दाखवायची, दोन ओळखायची. धोलावीरा, लोथल, राखीगढी, कालीबंगन, बनावली एका नकाशावर. अमरावती, भारहुत, नागार्जुनकोंडा दुसऱ्यावर. चंपारण, खेडा, बारडोली, चौरी चौरा, दांडी तिसऱ्यावर.

एक काळजी मात्र घ्या. बनावली आणि कालीबंगन एकमेकांच्या जवळ आहेत, तिथे टिंब चुकतं. कालीबंगन राजस्थानात, बनावली हरियाणात. राज्यांच्या सीमा पुसट आखून ठेवल्या की हात चुकत नाही.

सोनचाफा | १७ नोव्हेंबर, दुपारी १:४५

मुलीला घरात एकाग्र होता येत नसेल तर ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. रविवारी गाडीने ठाण्याला यायला किती वेळ लागतो तुम्हाला? पुस्तकांच्या सहवासात अभ्यासाचा सूर वेगळाच लागतो.

दुसरं म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा आहे. सोपारा म्हणजे आपल्या शेजारच्या वसई तालुक्यातलं बंदर. ब्राह्मी अक्षरं दगडावर प्रत्यक्ष बघितली की पहिल्या पुस्तकातला दुसरा धडा वेगळाच समजतो. १८३८ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी वाचली हे वाक्य पुस्तकात एका ओळीत येतं, पण ती अक्षरं समोर उभी राहिली की त्या वाचण्यामागचे कष्ट जाणवतात.

सह्यकडा | १७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

@सोनचाफा, कल्पना सुंदर आहे, पण नोव्हेंबरात नको. अख्खा रविवार जाईल. परीक्षेनंतर जरूर जावं.

सोनचाफा | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

मान्य नाही. पोर दमलेलं असताना अर्धा दिवस दगडावरच्या अक्षरांपुढे घालवणं हा अभ्यासच आहे. तरी वेळ नसेल तर घरबसल्याही पुण्याशी नातं जोडता येतं: तिसऱ्या धड्यातली महाभारताची चिकित्सित आवृत्ती म्हणजे आपल्या भांडारकर संस्थेचंच काम. १९१९ मध्ये सुरू झालं, पुढे वि. स. सुकथनकरांनी त्याचं नेतृत्व केलं आणि पूर्ण व्हायला ४७ वर्षं लागली. देशभरातली हस्तलिखितं जमवून, श्लोक न् श्लोक ताडून पाहिला. मराठी घरातल्या मुलीला हे नुसतं पाठ करायला लावू नका, अभिमानाने सांगा.

अपूर्णविराम | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

काकू, पेपरच्या वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्यापैकी हुशार मुलांचे मार्क तिथेच गेले.

सुरुवातीला १५ मिनिटं नुसती वाचायला मिळतात. त्यात आठ गुणांच्या तीन प्रश्नांतले पर्याय ठरवून टाकायचे, लिहायला लागल्यावर विचार करत बसायचं नाही. मग १८० मिनिटं. एका गुणाचे २१ प्रश्न वीस मिनिटांत. तीन गुणांचे सहा, प्रत्येकी सहा मिनिटं. ही उत्तरं ६० ते ८० शब्दांत आवरायची, आणि आवडत्या विषयावर इथेच हात सुटतो. आठ गुणांचे तीन, प्रत्येकी बावीस मिनिटं. उतारे दहा-दहा मिनिटं. नकाशाला आठ. बेरीज १६० होते, वीस मिनिटं तपासायला उरतात. घरी लिहितानाच बावीस मिनिटांचा गजर लावा, मग वर्गात हाताला आपोआप कळतं.

कथन-कारण प्रकारच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांना हलकं घेऊ नका. दोन्ही वाक्यं खरी असतात, पण दुसरं पहिल्याचं कारण नसतं. हे गाईड वाचून येत नाही, धड्याचा ओघ समजलेला असावा लागतो.

मृणाल_ऐरोली | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

मंडळी, मधल्या काळात लिहिणं झालं नाही. खुशाली कळवते.

वर्गात तिसरं पुस्तक सुरू झालं तेव्हा लेकीचे त्यातले तीन धडे घरी झालेले होते. वेग तसाच जोरात आहे, पण ती आता धापा टाकत नाही. दख्खनच्या दंग्यांचं उत्तर तिने पुन्हा लिहिलं आणि शाळेत सरांना दाखवलं. त्यांनी आयोगावरच्या परिच्छेदाखाली रेघ मारून "उत्तम" लिहिलं. तिने ते उत्तर आजोबांनाही मराठीत समजावून सांगितलं. आजोबांनी मध्येच विचारलं, "मग सावकार निर्दोष का?" आणि ती अडखळली. रात्री पुस्तक काढून पुन्हा बसली आणि सकाळी आजोबांना उत्तर दिलं: "निर्दोष नाही, पण एकटा नाही." आता रोज संध्याकाळी आजोबांची फेरी ठरलेली आहे.

प्रोजेक्ट अजून बाकी आहे, त्याची फाईल आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) जानेवारीत. ते आम्ही आठवड्याच्या शेवटी उरकू.

आता अडतंय ते उताऱ्यांवर. उतारा वाचते, समजतो, पण दोन गुणांच्या शेवटच्या प्रश्नाला ती उताऱ्यातलंच वाक्य फिरवून लिहिते. आणि संविधान सभेच्या धड्यात इतकी नावं आहेत की ती चक्रावून गेलीय. मॅडम, मार्गदर्शन कराल का?

पाटीपेन्सिल | ८ डिसेंबर, सकाळी ११:३०

वा! आजोबांना माझा नमस्कार सांगा. परीक्षक विचारतो तोच प्रश्न त्यांनी विचारला.

उताऱ्यांचं बघू. इब्न बतूताचा टपालाचा उतारा घ्या. तो सांगतो की इथे दोन प्रकारचं टपाल आहे, घोड्यांचं आणि पायी धावणाऱ्यांचं. घोड्यांचं दर चार मैलांवर, पायी टपालाचे एका मैलात तीन टप्पे. पायी टपाल घोड्यांपेक्षा जलद. सिंधहून दिल्लीला जायला पन्नास दिवस लागत, पण हेरांचा निरोप सुलतानाला पाच दिवसांत पोचे.

पहिले दोन प्रश्न एकेक गुणाचे असतात, त्यांची उत्तरं उताऱ्यातच असतात. तिसरा असा येतो: या व्यवस्थेवरून राज्यकारभाराबद्दल काय समजतं? इथे उताऱ्याबाहेर एक पाऊल टाकायचं असतं. एवढ्या मोठ्या मुलखावर सुलतानाची नजर होती, हेरखातं आणि टपाल एकमेकांना जोडलेलं होतं, व्यापाऱ्यांनाही त्याचा उपयोग होता. आणि दुसरं वाक्य लेखकाबद्दल: इब्न बतूताला जे नवं वाटलं ते तो उत्साहाने लिहितो, कारण त्याच्या वाचकांनी ते पाहिलेलं नव्हतं. एक वाक्य उताऱ्यातल्या गोष्टीचा अर्थ, एक वाक्य सांगणाऱ्याची दृष्टी. दोन गुण तिथे आहेत. रोज एक उतारा, दहा मिनिटं, एवढंच. पुस्तकात चौकटी भरपूर आहेत.

आता संविधान सभा. नावं पाठ करायला लावू नका. तो धडा म्हणजे भांडणांचा धडा आहे, चांगल्या अर्थाने. डिसेंबर १९४६ ते नोव्हेंबर १९४९, अकरा सत्रं, १६५ दिवसांची बैठक. तिथे माणसं एकमेकांना उत्तरं देत होती. म्हणून एका पानावर वाद लिहायचे आणि प्रत्येक वादाखाली समोरासमोर माणसं बसवायची.

विभक्त मतदारसंघ, म्हणजे अल्पसंख्याकांनी आपले प्रतिनिधी वेगळे निवडायचे: बी. पोकर बहादूर यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये ते ठेवावेत म्हणून भाषण केलं, समोर सरदार पटेल आणि गोविंद वल्लभ पंत, आणि बेगम ऐजाज रसूल यांनीही विभक्त मतदारसंघ अल्पसंख्याकांना घातकच आहेत असं म्हटलं. उद्दिष्टांचा ठराव, म्हणजे संविधानाची ध्येयं सांगणारा: नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ ला मांडला, सोमनाथ लाहिरींना सभेवर ब्रिटिशांची सावली दिसत होती. एन. जी. रंगा यांनी विचारलं, खरे अल्पसंख्याक कोण, तर या देशातली गरीब जनता. आदिवासींच्या बाजूने जयपाल सिंग उभे राहिले. स्त्रियांसाठी हंसा मेहता यांनी राखीव जागा मागितल्या नाहीत, न्याय मागितला. केंद्र बलवान असावं की राज्यं: राज्यांच्या बाजूने के. संतानम, बलवान केंद्रासाठी डॉ. आंबेडकर. भाषेचा वाद: आर. व्ही. धुळेकर हिंदीसाठी अडून बसले, तर आपल्या मुंबई प्रांतातले शंकरराव देव म्हणाले की मी हिंदुस्थानी (हिंदी-उर्दूची मिश्र बोली) स्वीकारली आहे, पण माझ्या मनात संशय येईल असं काही करू नका.

तिला हे आजोबांबरोबर दोन बाजू घेऊन बोलायला सांगा. आजोबा पोकर बहादूर, ती पटेल. दुसऱ्या दिवशी बाजू बदला. पोकर बहादूर यांची बाजू तिने प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, त्यांना खोटं ठरवण्याच्या घाईत नको. अल्पसंख्याकांचं अस्तित्व मिटवता येत नाही, म्हणून त्यांना आपला आवाज असणारी चौकट हवी, हे त्यांचं म्हणणं होतं. ते नीट लिहिलं तरच पटेलांचं उत्तर उठून दिसतं.

ट्रान्सहार्बर | ८ डिसेंबर, दुपारी १२:१०

मॅडम, हे भाचीला आत्ताच पाठवलं. तिच्या वर्गात या धड्याला एकच तास मिळाला.

सह्यकडा | ८ डिसेंबर, दुपारी १:००

गाईडबद्दलचं माझं आधीचं मत मी बदलत नाही, शेवटच्या दोन दिवसांत उजळणीला ते लागतंच. पण हे वाद समोरासमोर मांडणं कुठल्याच गाईडमध्ये नाही. धाग्याची लिंक मुलाच्या मित्राच्या धाकट्या बहिणीला पाठवतोय.

मृणाल_ऐरोली | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

मॅडम, आज संध्याकाळी पहिली फेरी झाली. आजोबांनी पोकर बहादूर यांची बाजू इतकी तळमळीने मांडली की लेकीला उत्तर शोधायला पुस्तक उघडावं लागलं. उद्या बाजू बदलणार आहेत. प्रीबोर्डचा इतिहासाचा पेपर पुढच्या गुरुवारी आहे. तोवर कोणतं एक उत्तर लिहून घेऊ?

पाटीपेन्सिल | ८ डिसेंबर, रात्री १०:३५

विभक्त मतदारसंघांचंच. दोन्ही बाजू, बावीस मिनिटं, पुस्तक मिटून. आणि १८५७ मधल्या अफवांवरचं एक तीन गुणांचं, ऐंशी शब्दांत. दोन्हीचे फोटो इथेच टाका, मी रविवारी सकाळी बघून लिहिते.